वरच्या कोपऱ्यातला बाण

मुलीने ब्रश वाटीच्या कडेला दोनदा टेकवला, उचलला, आणि टोकाशी लोंबणारा थेंब पडतोय की राहतोय हे बघत श्वास धरला.

"अजून एकदा टेकव," आई म्हणाली.

"दोनदा टेकवला की."

"तिसऱ्यांदा टेकव. कागदाला तहान लागलेली नाही."

तिने तिसऱ्यांदा टेकवला. मग छज्ज्याखालच्या पेन्सिलीच्या रेघेवर ब्रश ठेवून तो उजवीकडून डावीकडे सावकाश ओढत आणला. भिंतीवर ओला राखाडी पट्टा उमटला आणि इतका वेळ कागदाला चिकटून बसलेला छज्जा एकदम वीतभर पुढे आला. दर वेळी असंच व्हायचं, आणि दर वेळी तिला शेजारचं दार ठोठावून कुणाला तरी बघायला ओढून आणावंसं वाटायचं.

"थांबू नकोस. थांबलीस की डाग."

"मला दिसतच नाहीये. माझ्याच हाताची सावली पडतेय तिथे."

आईने डाव्या हाताने आपला उजवा हात मांडीवरून उचलला, टेबलाच्या कडेवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

खिडकी टेबलाच्या डाव्या अंगाला होती. उजव्या हाताने काम करणाऱ्याला ती तिथेच लागते. उजेड डाव्या खांद्यावरून येतो आणि हाताची सावली कामाच्या पलीकडे पडते. सोळा वर्षं ते जड टेबल तिथून हललं नव्हतं. त्याच्या चारही पायांभोवती फरशीवर काळपट कडी उमटली होती, ती कितीही घासली तरी जात नसत. मुलगी डावखुरी होती. तिच्या हाताची सावली नेमकी ब्रशच्या टोकावर येऊन बसायची, वर्गात बाकावर शेजारणीचं कोपर येऊन बसतं तशी. लहानपणी आईने दोन-चारदा पेन्सिल काढून तिच्या दुसऱ्या हातात दिली होती. मग कंटाळून सोडून दिलं होतं. बाबा तिला 'डावरे' म्हणून हाक मारायचे, आणि तिला ते आवडायचं. बक्षिसाचं नाव असावं तसं.

आईचं काम सावल्यांचं होतं. वास्तुशिल्पींच्या कार्यालयातून इमारतीची दर्शनी बाजू बारीक रेघांत काढलेली यायची. भिंती, खिडक्या, पायऱ्या, खांब, सगळं जागच्या जागी, आणि सगळं इस्त्री केल्यासारखं सपाट. त्यात ऊन कुठे आणि अंधार कुठे ते आई ठरवायची. कार्यालयात परत जाताना तीच इमारत कागदावर उभी असायची, तिच्या पायऱ्यांवर पाय ठेवता येईल अशी. बाबा बस चालवायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, "घरं ते लोक काढतात. आमच्याकडून फक्त अंधाराचा पुरवठा."

महिन्याभरापूर्वी एका सकाळी चहाचा कप आईच्या हातातून सुटला. तिने तो सुटताना पाहिला; हाताला कळलं मात्र नाही. डॉक्टरांनी मेंदूतल्या कुठल्याशा बारीक शिरेचं नाव सांगितलं. बोलणं शाबूत राहिलं, चालणं आठ दिवसांत परत आलं. उजवा हात उचलायला यायचा, बोटंही थोडी मिटायची, पण त्याला काही जाणवायचं नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यावर पिसासारखं काही फिरवलं, मग टाचणी टोचली, आणि दोन्ही वेळा आईने मिटल्या डोळ्यांनी विचारलं, "करताय ना?"

"गरम भांडं जपा," त्या बाई मुलीकडे बघून म्हणाल्या होत्या. "ऊनही जपा. हा हात स्वतःहून काही सांगणार नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं."

तेव्हा एका नव्या ग्रंथालयाच्या कामातले दोन कागद झाले होते आणि दोन व्हायचे होते. चार बाजू, चार कागद. ग्रंथालयाच्या समितीपुढे एका रांगेत लावायचे. तिसरा कागद टेबलावरच होता. सावल्यांच्या कडा आईने पेन्सिलीने आखून ठेवलेल्या होत्या, फक्त रंगाचे हात द्यायचे बाकी होते. आई चालायला लागल्यावरही चार दिवस तो तसाच पडून राहिला. पाचव्या दिवशी मुलगी सकाळची शाळा आटोपून आली, दप्तर टाकलं, आणि न विचारता टेबलापाशी जाऊन बसली. आई उठली. मुलीला वाटलं, आता बोलणी बसणार. आईने फक्त स्टूल ओढून घेतलं आणि म्हणाली, "काळ्या रंगाची नळी शोधू नकोस. आपल्याकडे काळा नसतो. निळा घे, त्यात तपकिरी."

असं ते सुरू झालं होतं. आई सांगायची, मुलगी करायची. आईचे नियम थोडे होते आणि ती ते दूध नासलंय हे सांगावं तितक्याच आवाजात सांगायची. पांढरा रंग नसतो; जिथे ऊन आहे तिथे हात लावायचा नाही, बस. अंगची सावली, म्हणजे उन्हाकडे पाठ असलेल्या बाजूची, फिकी; दुसऱ्यावर पडलेली सावली गडद. छज्जा भिंतीपासून जेवढा बाहेर, तेवढीच सावली भिंतीवर खाली. सावलीतही उजेड असतो, जमिनीवरून उडून आलेला. तो ठेवला नाही तर भोक पडल्यासारखं दिसतं. आणि सगळ्यात आधी, ब्रश ओला करायच्याही आधी, वरच्या डाव्या कोपऱ्यात बघायचं. तिथे कार्यालयातले थोरले साहेब पेन्सिलीने एक बारीकसा बाण काढून पाठवत. बाणाच्या शेपटीला एक छोटं वर्तुळ असे. तो सूर्य.

"चारही बाजूंना सूर्य डावीकडेच?" मुलीने विचारलं होतं. "मग पृथ्वी फिरते कशाला?"

"कागदावर फिरत नाही."

"भूगोलाच्या बाईंना सांगते."

"सांग. आणि थेंब आवर."

मुलगी हसली होती. आई हसली नव्हती. पण आई आता कशालाच हसत नव्हती, त्यामुळे त्यात वेगळं असं काही नव्हतं.

तिसऱ्या कागदाचा शेवटचा हात वाळला आणि दारात खाकरणं ऐकू आलं. कार्यालयातून कागद आणणारे-नेणारे काका आले होते. लांब पत्र्याचं नळकांडं खांद्यावर टाकून ते शहरभर हिंडायचे, म्हणून घरात त्यांना 'नळकांडेकाका' हेच नाव पडलं होतं. त्यांचं खरं आडनाव काय ते विचारायची वेळ निघून गेली होती.

"घ्या बाई, तोफ आली," ते दारातूनच म्हणाले. "तोंड भिंतीकडे धरलंय, घाबरू नका."

आईने घाईने ओट्यावरचा टॉवेल उचलला आणि उजवा हात त्यात गुंडाळून, नुकतेच हात पुसत असल्यासारखी दारात जाऊन उभी राहिली. मुलीने तिसरा कागद गुंडाळला. नळकांड्यातून चौथा बाहेर काढला.

"कार्यालयात सध्या मजा चाललीय," काका पाण्याचा पेला हातात घेऊन म्हणाले. ते कधीच उंबऱ्याच्या आत येत नसत; तिथेच उभं राहून अख्खं कार्यालय सांगून जात. "धाकटे साहेब म्हणतात, यंत्रात आकडे भरले की यंत्र सावल्या पाडतं. चुटकीसरशी. मी म्हटलं, साहेब, मग माझ्या खांद्यावर काय, यंत्र देणार?"

"मग?" आईने विचारलं.

"मग काय, खिदळले."

"थोरले साहेब काय म्हणाले?"

"ते कुठे काय म्हणतात. चष्मा पुसला, परत घातला. म्हणाले, बाईंचा हात चालतोय तोवर बाईंकडेच." काकांनी पेला रिकामा केला. "तुम्ही चालवा हात, मी चालवतो पाय. येऊ?"

ते गेले. आई टॉवेल तसाच धरून उभी होती. आत गुंडाळलेल्या हाताची मूठ वळली आहे की नाही हे तिलाही टॉवेल सोडून बघावं लागलं असतं.

रात्रीचं जेवण लवकर आटोपायची त्यांची पद्धत होती, बाबांची पाळी पहाटेची असायची म्हणून. जेवताना बाबा म्हणाले, "सांगून टाक ना त्यांना. चांगली माणसं आहेत."

"हं."

"भागतंय आपलं. तू उगाच ओढून घेऊ नकोस."

"हं."

"हं काय? मी बसशी बोलतो तेव्हा तीसुद्धा जास्त बोलते."

मुलगी आईकडे बघत होती. आई डाव्या हाताने घास मोडत होती, हळू, एकेक. सांगून टाकलं की काय होणार हे तिघांनाही ठाऊक होतं. कुणी वाईट बोललं नसतं. थोरल्या साहेबांनी काळजीने चौकशी केली असती, काकांनी दारात उभं राहून हळहळ व्यक्त केली असती, आणि त्या नळकांड्याची पुन्हा कधी वाट बघावी लागली नसती.

"चौथा पण मी करते," मुलगी म्हणाली. "मला येतंय आता."

"येतंय हिला," बाबा आईला म्हणाले. "ऐकलंस? डावरीला येतंय."

आईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

चौथ्या कागदावर सावल्या आखलेल्या नव्हत्या. त्या आठवड्यात आईचे व्यायाम रोज दुपारी ठेवले होते. ती दोन वाजता जायची, पाचला यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. पहिल्या दिवशी तिने पडल्या पडल्या विचारलं, "आखून झालं?"

"होतंय."

"नीट आहे ना?"

"आहे."

आईने डोळे मिटले. एरवी ती चष्मा लावून कोपऱ्या-कोपऱ्यातून रेघ तपासत असे, आणि जिथे चूक असेल तिथे बोट ठेवून गप्प बसत असे. मुलीला त्या गप्प बसण्याची इतकी धास्ती होती, की आज ते झालं नाही याचं तिला बरंच वाटलं.

आणि खरंच येत होतं तिला. दुसऱ्या दुपारी घरात ती एकटी होती. हाताची सावली पुन्हा ब्रशखाली येऊन बसली, तेव्हा तिने कागद लावलेला लाकडी फळा उचलला, सरळ टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवला आणि स्वतः तिकडून बसली. खिडकी आता उजवीकडे आली. कागद एकदम स्वच्छ झाला. आपला हात जिथे आहे तिथेच आहे, त्याच्याखाली दुसरा काळा हात नाही, हे तिने पहिल्यांदाच अनुभवलं. तिने कंपासपेटी उभी करून समोर ठेवली, तिच्यावर खोडरबर आडवं टेकवलं, आणि त्याची सावली पेटीवर कशी उतरते, कुठे तुटते, कुठे वळते ते बघत बघत खांब आखले, कमानी आखल्या, पायऱ्यांवरून मोडत जाणारी सावली आखली. कुणी सांगत नव्हतं. कुणी 'थेंब आवर' म्हणत नव्हतं. तिचं मनगट कागदावर डाव्या बाजूला टेकायचं, म्हणून तिने तिकडे एक जाड कोरा कागद चिकटवून घेतला होता, वरपासून खालपर्यंत, घामाचा डाग पडू नये म्हणून. आई तसाच कागद उजवीकडे लावायची.

त्यापुढचे दोन दिवस ती रंगाचे हात देत गेली. पहिला पातळ, वाळला की दुसरा. खांबांच्या मागचा व्हरांडा इतका खोल गेला, की त्यात कुणीतरी पुस्तक घेऊन बसलं असेल आणि हाक मारल्यावर बाहेर येईल असं वाटावं. व्हरांड्याच्या छतावर तिने जमिनीवरून उडालेला उजेड ठेवला, अगदी आईने सांगितला होता तेवढा. शेवटच्या दुपारी तिने कडेचे कागद सोडवले नाहीत. आई आली की तिच्यासमोर सोडवायचे, असं तिने ठरवलं होतं. त्यासाठी फळा पुन्हा नेहमीच्या बाजूला आणून ठेवला.

आई आली. चपला काढल्या. पाणी प्यायली. मग टेबलापाशी आली आणि उभ्या उभ्याच बघू लागली.

मुलीने वरचा कागद सोडवला, खालचा सोडवला. आई व्हरांड्यात बघत होती. तिचा चेहरा, मुलीला वाटलं, किंचित पुढे आला. कप सुटल्यापासून पहिल्यांदा तिची मान कशाच्या तरी दिशेने झुकली होती. मुलीने मनगटाखालचा कागद हळूच सोलून काढला.

आईने सगळा कागद एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाली, "सूर्य कुठे आहे?"

मुलीने वर पाहिलं. डाव्या कोपऱ्यात, आत्ताच उघड्या पडलेल्या पांढऱ्या पट्टीत बारीकसा बाण होता, शेपटीला वर्तुळ असलेला. त्याचं टोक उजवीकडे खाली वळलेलं होतं. आणि त्याच्या खालच्या सगळ्या इमारतीत, प्रत्येक खांबाच्या, प्रत्येक पायरीच्या, प्रत्येक कुंडीच्या डावीकडे सावली होती.

तिला वाटलं आपण आता रडणार. पण नुसतेच कान गरम झाले.

"पुसता येईल?"

"नाही."

"धुतलं तर?"

"कागद फाटेल."

"मग परत काढू? मी शाळेला दांडी मारते. तीन दिवस..."

"उद्या न्यायचाय."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मुलीने जाऊन तो घट्ट केला आणि परत आली. आई अजून तशीच उभी होती. तिचा उजवा हात बाजूला लोंबत होता, डाव्या हाताचं बोट कागदापासून तसूभर अंतरावर, कुठेही न टेकता, व्हरांड्याच्या कडेवरून चाललं होतं.

"मी चिठ्ठी लिहिते," मुलगी म्हणाली. "माझ्या नावाने. चूक माझी आहे असं."

"सावलीला चिठ्ठी लावत नाहीत."

"पण ते चारही शेजारी शेजारी लावणार. तीन एकीकडे आणि एक..."

"माहीत आहे मला."

"मग त्यांना लगेच कळेल गं, आई."

आईने बोट मागे घेतलं. "वाळला की गुंडाळ," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी काका आले, तोफेचा विनोद केला, पाणी प्यायले, कागद घेऊन गेले. आईने टॉवेल धरला होता. मुलगी शाळेतून परत आली तेव्हा टेबलावर फक्त फळा होता.

आठवडा गेला. मग दुसरा. नळकांडं आलं नाही. एरवी एक कागद गेला की चार-पाच दिवसांत दुसरा येत असे. मुलीने ब्रश धुऊन, टोकं जुळवून पेल्यात उभे केले. रंगाच्या वाट्या घासल्या. त्या घासून झाल्यावर परत घासल्या. आई व्यायामाचा रबरी चेंडू दाबायची, शंभरपर्यंत मोजून, आणि शंभर झाले की चेंडू हातातून काढून घ्यायलाही तिला दुसरा हात लागायचा. दहाव्या दिवशी बाबांनी इस्त्री केलेल्या कपड्यांची चळत त्या टेबलावर ठेवली. दुसरीकडे जागा नव्हती असं नाही. ती कुणी उचलली नाही.

चारच्या सुमाराला खिडकीतून ऊन यायचं, टेबलाच्या कडेपर्यंत, आणि पाऊण तासाने परत जायचं. एका दुपारी आई तिथे स्टूल घेऊन बसली होती. उजवा हात कडेवर, डोळे मिटलेले.

"सांग," तिने विचारलं, "ऊन कुठवर आलंय?"

मुलीने बघितलं. "मनगटाच्या वर. कोपरापर्यंत."

"मला वाटलं, गेलं असेल."

मुलीने पडदा ओढला. आईने डोळे उघडले नाहीत.

अठराव्या दिवशी दारात खाकरणं ऐकू आलं.

मुलगी धावली नाही. तिने वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि मग उठली. काका उंबऱ्यापाशी घाम पुसत उभे होते. खांद्यावर नळकांडं होतं. आई आतून आली. तिने ओट्याकडे पाहिलं, पण टॉवेल वाळत घातलेला होता.

"तोफ," काका म्हणाले, आणि पुढचं वाक्य विसरले. त्यांची नजर आईच्या हातावर गेली आणि लगेच पाण्याच्या पेल्याकडे वळली. पेला त्यांनी एका घोटात संपवला. "चारही कागद भिंतीवर लावले होते बाई. रांगेत."

"हं."

"धाकट्या साहेबांनी दोन मिनिटं पाहिले. म्हणाले, व्हरांडा काय खोल गेलाय. गेले फोनवर. थोरले साहेब मात्र उभेच. मी चहा घेऊन गेलो, तरी उभेच. चहा निवला."

मुलीने नळकांड्याचं झाकण धरलं होतं. ते तिच्या हातात फिरेना.

"मग मला हाक मारली," काका म्हणाले. "विचारलं, बाईंच्या घरी टेबल खिडकीच्या कुठल्या अंगाला आहे हो? आता मला काय ठाऊक? मी म्हटलं, साहेब, मी उंबऱ्याच्या आत जात नाही." त्यांनी खरंच एकदा मान लांब करून आत बघितलं आणि परत घेतली. "इकडून तर कपडेच दिसतायत."

"अजून काय विचारलं?" आई म्हणाली.

"काही नाही. विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, नवरा आहे, मुलगी आहे, शाळेत जाते. चांगली आहे, पाणी आणून देते." ते मुलीकडे बघून हसले. "खोटं बोललो का?"

ते गेले. मुलीने टेबलावरची चळत खुर्चीवर ठेवली, झाकण काढलं आणि कागद बाहेर ओढला. तो गुंडाळीत परत परत मिटत होता. एका बाजूला तिने कंपासपेटी ठेवली, दुसऱ्या बाजूला आईने आपला उजवा हात उचलून ठेवला. वजन म्हणून तो चालत होता.

नवी इमारत होती. शाळा असावी, लांबच लांब, खिडक्याच खिडक्या. मुलीने डाव्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. खोडल्याची खूणसुद्धा नव्हती.

बाण उजव्या कोपऱ्यात होता. तीच बारीक पेन्सिल, शेपटीला तेच छोटं वर्तुळ. टोक डावीकडे, खाली.

मुलीने आईकडे पाहिलं नाही. तिला पाहावंसं वाटत होतं, पण ती त्या बाणाकडेच बघत राहिली, फळ्यावर आपलं नाव लिहिलेलं असावं आणि ते सगळ्या वर्गाला दिसत असावं, तशी. शेजारी आईचा श्वास ऐकू येत होता, संथ. मग आईने वजन म्हणून ठेवलेला हात उचलून घेतला आणि कागद त्या बाजूने आपोआप मिटत आला, बाणासकट.

"ते टोक धर," आई म्हणाली.

"कुठलं?"

"टेबलाचं. फिरवायचंय."

टेबल जड होतं. आईने डाव्या हाताने आणि कमरेने ढकललं, मुलीने ओढलं. पाय फरशीवरून किंचाळत गेले, खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी मारली. दोनदा थांबावं लागलं. फिरवून झालं तेव्हा खिडकी उजवीकडे आली होती, आणि चार काळपट कडी फरशीवर उघडी पडली होती, त्यांच्या मधोमध काहीच नव्हतं. आईने ओला बोळा आणून पायाने त्यातलं एक घासून पाहिलं. मग बोळा तिथेच ठेवला.

बाबा संध्याकाळी आले, दारातच थबकले. "हे काय? रस्ता चुकलो की काय मी?"

ते चप्पल काढून आत आले आणि टेबलाला वळसा घालून स्वयंपाकघरात गेले. जाताना त्यांचा गुडघा नव्या कोपऱ्यावर आपटला. पुढचे बरेच दिवस तो आपटणार होता.

सावल्या आखायला तीन दिवस लागले. या वेळी आईने चष्मा लावला आणि एकूण एक रेघ तपासली. तिने दोन ठिकाणी बोट ठेवलं. चौथ्या दिवशी दुपारी मुलीने निळा घेतला, त्यात तपकिरी मिसळला, ब्रश वाटीच्या कडेला तीनदा टेकवला. छज्जा इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होता. पट्टा एका दमात ओढायचा होता.

आई उजव्या अंगाला स्टुलावर बसली होती, आता खिडकी आली होती त्या बाजूला. तिचा हात नेहमीसारखा टेबलाच्या कडेवर होता. ती कागदाकडे बघत होती.

"सावकाश," ती म्हणाली. "पण थांबू नकोस."

ब्रश खिडक्यांवरून निघाला. पाच, सहा, सात. छज्जा पुढे येऊ लागला. चार वाजून गेले असावेत. मुलीच्या डोळ्यांच्या कडेला टेबल पिवळं झालं. दहाव्या खिडकीवर तिने ब्रश उचलला.

"अगं, थांबू नकोस!"

मुलीने ब्रश आडवा ठेवला. आईचा हात दोन्ही हातांनी उचलला आणि उन्हाच्या पट्ट्यातून काढून अलीकडे, सावलीत ठेवला.

"तापलाय," ती म्हणाली.

आईने हाताकडे पाहिलं. पंजाच्या पाठीवरची कातडी लालसर झाली होती. तिने दुसऱ्या हाताचा तळवा त्यावर ठेवून पाहिला.

"हो का," ती म्हणाली.

कागदावर दहाव्या खिडकीपाशी पट्ट्याची कड तोवर वाळली होती.